पहिलं वर्ष, पहिला वर्ग आणि बसलेला घसा : नवीन शिक्षकांनो, तुमचे अनुभव लिहा

डी.एड. झालं, टीईटी झाली, अभियोग्यता चाचणी झाली. शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलच्या यादीत नाव लागेपर्यंत केस पिकायला लागले. यंदा जूनमध्ये एकदाचा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झालो. सातवीचा वर्ग. कायद्याने एका शिक्षकामागे 35 मुलं, माझ्याकडे पट 39. पंधराव्या दिवशी घसा बसला, तो अजून उठलेला नाही.

सरावपाठाला मार्गदर्शक मॅडम मागच्या बाकावर बसायच्या. पोरं पुतळ्यासारखी गप्प, आणि मला वाटायचं आपला पाठ रंगतोय! आता त्या बाकावर तिघे बसतात. मी फळ्याकडे वळलो की गुणगुणतात, तोंड मिटून. मी ओरडलो की दोन मिनिटं थांबतात. शेजारच्या वर्गाचे सर नुसते दारावरून गेले तरी माझा वर्ग चिडीचूप होतो. लाज त्याचीच जास्त वाटते.

तर पहिल्या वर्षी तुमचं काय झालं ते लिहा. एकच विनंती, अध्यापनाची सूत्रं नकोत. ती मला पाठ आहेत.

माध्यमिक शिक्षिका, कोल्हापूर

गुणगुणणारे सगळीकडे असतात. आमच्याकडे म्याव व्हायचं.

मी नवीन, म्हणून सगळे बदली तास माझ्या वाट्याला. तेही जेवणानंतरचे. या बाई आपले पेपर तपासणार नाहीत हे मुलांना पक्कं ठाऊक. मी एक केलं. फळ्यावरचं सगळं मधल्या सुट्टीतच लिहून ठेवायला लागले आणि तास मागच्या बाकाशेजारी उभी राहून घ्यायला लागले. म्याव पुढच्या बाकांवर सरकलं. बंद झालं असं नाही, पण पुढच्यांना ते तितकं जमत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक

पहिला महिना हसू नका. आवाज चढवू नका, तुम्ही चढवलात की मुलं त्याच्यावर चढवतात. वाक्य अर्ध्यात तोडून गप्प उभे राहा. आणि शाळा सुटल्यावर पाच मिनिटं फाटकाशी थांबून कोण कुणाबरोबर घरी जातं ते बघा. कुणाला कुणाशेजारी बसवायचं नाही, ते तिथे कळतं.

प्राथमिक शिक्षक, धडगाव तालुका, नंदुरबार

गुरुजींचा मान राखून सांगतो, न हसणं आमच्याकडे चाललं नसतं.

द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एका खोलीत, माझ्याकडे. मी सातारचा. माझी तक्रार उलटी होती, वर्ग बोलतच नव्हता. बसा म्हटलं की काही उभी राहायची. पुस्तक उघडा म्हटलं की दोघं सरळ उठून बाहेर. मनातल्या मनात मी त्यांना उनाड ठरवून मोकळा झालो होतो. महिन्याभराने चौथीतली एक मुलगी दारातून म्हणाली, "गुरुजी, त्यांना कळत नाही."

घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी पोरं ती. माझं मराठी त्यांच्यासाठी पावसाच्या आवाजासारखं, चालू आहे एवढंच कळायचं. मग त्या मुलीकडून मी बसा, ऐका, पाणी, लघवी असे वीसेक शब्द शिकलो. माझे उच्चार ऐकून वर्ग इतका हसला की तो दिवस फुकट गेला. दुसऱ्या दिवशी ती दोघं बाहेर जाताना विचारून गेली.

नाव-गाव लिहीत नाही

मी मारलं आहे. या धाग्यावर कुणीतरी हे लिहायलाच हवं.

शिक्षण हक्क कायदा 2009, कलम 17. शारीरिक शिक्षेला मनाई, मानसिक छळालाही मनाई. परीक्षेत हे उत्तर मी अक्षरशः घोटून लिहिलं होतं. नोकरीच्या चौथ्या महिन्यात पाचवीतल्या एका मुलाने पुढच्याच्या पाठीत कर्कटक टोचलं, आणि माझा हात उठला. थाड. वर्ग इतका शांत मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्या शांततेत पुढची दहा मिनिटं मी फार सुंदर शिकवलं. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी वडील आले. आता नोकरी जाते, म्हणून मी उभी. तर ते हात जोडून म्हणाले, "बाई, आजून दोन द्यायच्या व्हत्या. घरी मी पट्ट्यानंच देतो." मुलगा शेजारी, त्यांच्या शर्टाचं टोक धरून. तो बापाकडे बघत नव्हता. माझ्याकडे बघत होता, मी काय बोलते ते.

मी म्हणाले, माझं चुकलं, पुन्हा हात उचलणार नाही. वडिलांना ते अजिबात पटलं नाही. बाई कच्च्या आहेत, असं ऑफिसात सांगून गेले. मुलगा सुधारला का? नाही. वर्षभर छळलं त्याने मला. फक्त सकाळी आल्यावर कर्कटक स्वतःहून माझ्या टेबलावर आणून ठेवायचा आणि भूमितीला मागून न्यायचा. मी सांगितलेलं नव्हतं.

उच्च प्राथमिक शिक्षक, बीड

बाई, तुमचं वाचून थोडा वेळ काही लिहवेना.

आमच्या भागात दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग आईबापाबरोबर ऊसतोडीला जातो. पोरं परततात ती मार्च-एप्रिलला. असाच एक सहावीतला परत आला. उसाच्या फडावर कोपीत, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावंडांना सांभाळलेला, बैलांना पाणी दाखवलेला गडी, त्याला बाकावर बसवणार कोण? ज्येष्ठांचा सल्ला ठरलेला, जो आवरत नाही त्याला मॉनिटर करा. केला.

आठ दिवसांत वर्ग टाचणी पडली तरी ऐकू येईल असा. केंद्रप्रमुख आले, शेरेबुकात कौतुक लिहून गेले. मी भलताच खूश. मग एक मुलगी रडत आली.

मुकादम हंगामाआधी कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल देतो आणि मग हंगामभर फेडून घेतो. आमच्या पठ्ठ्याने वर्गाला उचल वाटली होती! कुणाला दोन गोट्या, कुणाला पेन्सिल, कुणाला मूठभर शेंगा. बदल्यात गप्प बसायचं. बोललं की खाडा. तीन खाडे झाले की दुप्पट फेड. सगळ्यांची नावं वहीच्या मागच्या पानांवर, ओळीने. (हा गणितात काठावरसुद्धा पास होत नव्हता. त्या हिशेबात एक चूक नव्हती.)

रागावू की हसू कळेना. सगळ्यांची उचल माफ करायला लावली. तो म्हणाला, "सर, मग ते ऐकतील कशाला?" मला उत्तर सुचलं नाही. मॉनिटर त्यालाच ठेवला, वही मात्र काढून घेतली, आणि शेकडेवारीचा धडा त्याच वहीवरून घेतला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात पुन्हा गोंगाट. मुख्याध्यापक म्हणाले, "चांगलं चाललेलं, कशाला मोडलंत?"

धागा सुरू करणारा

कोल्हापूरच्या बाईंचं ऐकलं. काल फळा आधीच लिहून ठेवला आणि मागच्या बाकाशेजारी जाऊन उभा राहिलो. गुणगुणणं अर्थातच बंद. तास संपल्यावर तिघांना विचारलं, कसलं गाणं म्हणता रे? बराच वेळ कुणी बोलेना. मग एकजण खाली बघत म्हणाला, "गाणं नाय सर, ट्रॅक्टर हाय." एक ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या. मी फळ्याकडे वळलो की निघायचं, ओरडलो की ब्रेक.

चढावर गियर कसा बदलतो ते त्याने करून दाखवलं. हुबेहूब. तेवढ्यात शेजारचे सर दारात आले, "काय चाललंय?" या वेळी आम्ही चौघेही गप्प बसलो.