रेकॉर्डची दुकानं गेली, त्यात आपलं काय गेलं?

कोमल निषाद
मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे रेकॉर्डचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. अशा दुकानांबरोबर गाणं ऐकायला शिकायची जागाच गेली, असं मला वाटतं. कॉलेजात असताना मी एका दुकानात मारवा राग मागितला. काउंटरवरच्या काकांनी विचारलं, "कुणाचा?" मला सांगता येईना. त्यांनी अमीर खाँसाहेबांचा लावला, मग म्हणाले, "आता पूरिया ऐक. स्वर तेच आहेत." तासभर उभा होतो, घेतली एकच कॅसेट. अॅपवर मारवा लगेच सापडतो, पण "कुणाचा?" असं कुणी विचारत नाही.

मांजराकाठ
काळा घोडा तुमच्या वाटेवर होता, दादा. आमच्याकडे एस्टी स्टँडजवळ कॅसेटचं एक दुकान होतं. भीमगीतं, भारुडं, सिनेमाची गाणी, फार तर भीमसेनजींचे अभंग. गायक मल्लिकार्जुन मन्सूर, म्हणजे मन्सूरअण्णा, मी पहिल्यांदा ऐकले ते मोबाइलवर, तिशीत, रात्री मोटर चालू करायला लाइटची वाट बघत. शहरातली शंभर दुकानं टिकली असती तरी ते माझ्यापर्यंत आले नसते.

जुनी सुई
पण ते मोबाइलवर आले कुठून? ७८च्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) तबकड्या, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, लोकांनी दुकानांतून घेतल्या, नंतर चोरबाजारात हुडकल्या, पुसून जपल्या. त्यातलं बरंच आज नेटवर आहे. पुण्याच्या अलूरकरांनी तर शास्त्रीय संगीताच्या कॅसेट स्वतः काढल्या. दुकानदारच प्रकाशक! आणि एलपीच्या, म्हणजे जास्त वेळ वाजणाऱ्या तबकडीच्या, कव्हरच्या पाठीवर तबल्याला कोण, हार्मोनियमला कोण, हे छापलेलं असायचं. अॅपवर बिचारा तबलजी बऱ्याचदा गायबच असतो.

मांजराकाठ
तबलजीचं पटलं. संग्राहकांचे उपकारही मानतो. पण त्यांच्या कपाटातलं गाणं माझ्या शेतापर्यंत आलं ते कुणीतरी नेटवर चढवलं म्हणून. आणि विचारणारं कुणी नसतं, हे खरं नाही. मन्सूरअण्णांच्या त्याच व्हिडिओखाली एका निवृत्त गुरुजींनी लिहिलं होतं, "हे आवडलं तर केसरबाई केरकरांचं ऐका." मी ऐकलं. आजही नव्या एलपीची किंमत बघून माझ्यासारखा माणूस दुकानात पायच ठेवणार नाही.

कोमल निषाद
किमतीचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. तरी गुरुजी भेटले हा तुमचा योग. काका रोज दहा ते आठ तिथेच असायचे. माझं मत बदललेलं नाही. पण सांगा, मन्सूरअण्णांचं त्या रात्री काय ऐकलंत?

मांजराकाठ
शुद्ध नट राग. लाइट आली तरी उठलो नाही.