मोठी पुडी की छोटी? (रत्नागिरी, नाचणे रोड, सोसायटी ग्रुप)

अर्णवची आई, बी-३०२ (रात्री ९.४२): कोणी जागं आहे का? अर्णवला दुपारपासून सात-आठ वेळा पाण्यासारखी शी झाली, दोनदा उलटी झाली. अंगही तापलंय. हे रात्रपाळीला गेलेत, दवाखाना बंद झालाय आणि पाऊस तर असा कोसळतोय की रिक्षा मिळायची नाही. काय करू?

सी-१०१ काकू (९.४४): दाढा येतायत का गं? आमच्या नातवाला अगदी असंच झालं होतं.

ए-२०४ (९.४५): पाणी कमी दे. जेवढं पोटात जाईल तेवढं खालून बाहेर पडतं. सकाळपर्यंत पोटाला आराम दे.

सिस्टर मावशी, ए-४ (९.४७): वहिनी, पाणी बंद करायला सांगू नका, हात जोडते. अर्णवच्या आई, चार गोष्टी सांग. शेवटची शू कधी झाली? रडताना डोळ्यांतून पाणी येतं का? शीमध्ये रक्त किंवा आव दिसली का? वजन किती?

अर्णवची आई (९.४९): शू साडेसहाला, अगदी थोडी. रक्त नाही. डोळ्यांतून पाणी येतंय. मागच्या महिन्यात ११ किलो भरला होता, दोन वर्षांचा आहे. चिडचिड करतोय आणि सारखं पाणी मागतोय. मेडिकलमधून ओआरएसची पुडी आणली होती, त्यातली अर्धी ग्लासभर पाण्यात कालवली. पण एक घोट घेतला आणि थुंकला.

सिस्टर मावशी (९.५०): तो ग्लास ओतून दे. पुडीच्या मागे काय छापलंय ते वाच.

अर्णवची आई (९.५१): १ लिटर पाण्यात मिसळा.

सिस्टर मावशी (९.५१): बरोबर. ती मोठी पुडी आहे, लिटरभर पाण्याची. छोटी येते ती २०० मिलीची. मोठीतली अर्धी तू ग्लासात घातलीस म्हणजे मीठ दुपटीहून जास्त झालं. पोराने थुंकलं ते बरंच केलं. पुडी फोडून अर्धी-पाव कधी करायची नाही, आतली पावडर सारखी मिसळलेली नसते. दुसरी पुडी आहे का? उकळून गार केलेलं लिटरभर पाणी तयार ठेव. मी वर येते.

मालवणची आजी, सी-२०२ (९.५५): गे बाय, त्येका उकड्या तांदळाची निवळ पेज दी. मीठ घाल. दूध पाजतस तर पाज.

ए-२०४ (९.५८): पाण्याचं मला तसंच माहीत होतं, सासूबाई सांगायच्या. फ्रिजमध्ये मेडिकलमधलं खोक्यातलं एनर्जी ड्रिंक आहे, पाठवू का?

सिस्टर मावशी (रात्री १२.२०): आत्ता घरी आले. अर्णव झोपलाय, पण मध्ये उठवून चमच्याने पाजायला सांगितलंय. सगळ्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण आपल्या तीन विंगमध्ये पाच वर्षांच्या आतली बरीच पोरं आहेत आणि हा आषाढ आहे.

वर गेल्यावर त्याच्या बेंबीच्या बाजूला पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. लगेच बसली नाही, क्षणभर घडी तशीच राहिली. डोळे थोडे आत गेलेले, पण शुद्धीत होता, वाटीवर झडप घालत होता. शरीरातलं पाणी कमी झालंय पण हाताबाहेर गेलेलं नाही, अशी ही पायरी. या पायरीवर किलोमागे ७५ मिली ओआरएस चार तासांत जायला हवं, म्हणजे ११ किलोला साधारण ८०० मिली. ऐकायला प्रचंड वाटतं. चमच्या-चमच्याने जातं. मध्ये एकदा उलटी झाली तेव्हा दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा सुरू केलं, आधीपेक्षा हळू. साडेअकराला डायपर ओला मिळाला तेव्हा त्याची आई रडली, आणि मलाही भरून आलं.

ज्या पोराला इतकं पाणी कमी पडलेलं नाही, त्याला प्रत्येक पातळ शीनंतर दोन वर्षांच्या आत असेल तर पाव ते अर्धा कप, मोठं असेल तर अर्धा ते एक कप. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. आजी म्हणाल्या ती पेज उत्तम, मऊ भात, ताक, केळंही चालेल. उपाशी ठेवायचं नाही.

वहिनी, खोक्यातलं ड्रिंक नको. त्यात साखर भरमसाट असते आणि जास्त साखरेने जुलाब वाढतात. कित्येक गोड पेयांवर ओआरएस अशी अक्षरं मिरवत होती, शेवटी २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ती वापरायला बंदी केली. पुडीवर डब्ल्यूएचओच्या सूत्रानुसार असं लिहिलेलं बघूनच घ्या. पुडी नसेल आणि रात्र असेल तर १ लिटर पाणी, ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकायचं नाही. तयार केलेलं २४ तासांनी ओतून द्यायचं.

साखर आणि मीठ दोन्ही का, तर आतड्यात साखर आत शिरताना मिठातलं सोडियम बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जातं. जुलाब चालू असले तरी हा दरवाजा बहुतेक वेळा उघडाच असतो. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांसाठी हेच केलं. सलाईन संपत आलं होतं, तेव्हा त्यांनी पिंपांतून साखर-मीठ-पाणी वाटलं आणि माणसं वाचवली. २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. नोकरीत दर पावसाळ्यात ती पुडी हातात घेताना मला त्यांची आठवण यायची.

आता पाणी तोडण्याबद्दल. मी आरोग्य उपकेंद्रावर होते तेव्हा खाडीपलीकडच्या वाडीतून होडीने एक बाळ आणलं होतं. दीड दिवस त्याच्या तोंडात पाण्याचा थेंब घातला नव्हता, कारण सगळ्यांनी तसंच सांगितलं होतं. त्या आईचं काही चुकलं नव्हतं. ते बाळ राहिलं नाही. म्हणून मी अशी तुटून पडते, मनावर घेऊ नका.

सी-१०१ काकू (१२.३१): नाही हो, बरं झालं सांगितलंत. मग दातांचं काय?

सिस्टर मावशी (१२.३४): दात येताना हिरड्या शिवशिवतात, लाळ गळते, पोर दिसेल ते तोंडात घालतं आणि त्यातून जंतू जातात. दिवसाला आठ वेळा पाण्यासारखी शी दातांनी होत नाही, काकू. दातांवर ढकललं की पाणी पाजायचं राहून जातं.

चिऊचे बाबा, ए-३०१ (१२.३६): जुलाब थांबवायची गोळी लहान मुलाला द्यायची का? आणि ताप असेल तर?

सिस्टर मावशी (१२.४५): गोळी अजिबात नाही. घरातलं उरलेलं अँटिबायोटिकही नाही. शीमध्ये रक्त दिसलं तर मात्र डॉक्टर, औषध तेच ठरवतील. तापाला पॅरासिटामॉल, वजनावर: किलोमागे १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार तास, दिवसात चारच्या वर नाही. अर्णवला १६५ मिलिग्रॅम झालं. बाटली ५ मिलीत २५० ची असेल तर ते सव्वातीन मिली, १२० ची असेल तर जवळजवळ ७ मिली. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या, आणि बाळांचे थेंब तर आणखी वेगळे. लेबल वाचून मापाच्या सिरिंजनेच द्या, चहाच्या चमच्याने नको. आयबुप्रोफेन जुलाबात आणि पावसाळी तापात नकोच. पाणी कमी झालेल्या शरीरात त्याने मूत्रपिंडांवर ताण येतो आणि डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती.

आणि थांबायचं नाही, सरळ सिव्हिलला किंवा १०८ ला फोन, ते कधी: पोर गळून पडलंय, हाक मारली तरी बघत नाही, पाणी पिऊ शकत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, सहा तासांत शू नाही, झटका आला किंवा श्वास धापापतोय. श्वास पोर शांत असताना मिनिटभर मोजायचा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त, तर छातीचं दुखणं, म्हणजे न्यूमोनिया, समजायचं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी घरी बसायचं नाही.

अर्णवची आई (सकाळी ६.५०): रात्रीत तीन वेळाच शी झाली. आत्ता पेज मागितली. मावशी, तुमचे उपकार कसे फेडू.

चिऊचे बाबा (७.०५): आमच्या चिऊलाही पहाटेपासून सुरू झालंय. उलटी नाही.

बी-१०२ (७.०८): आमच्याकडे दोघांनाही, कालपासून.

सिस्टर मावशी (७.१०): तीन घरं, दोन विंग. हे टाकीतलं पाणी आहे. सेक्रेटरी साहेब, ओटी टेस्ट करून घ्या. नळाच्या पाण्यात त्या टेस्टचे थेंब टाकल्यावर पिवळा रंग आला पाहिजे, नाही आला तर क्लोरीन नाही. मी खाली येते.

सेक्रेटरी (७.४०): मावशींसोबत तपासलं. रंग आला नाही. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला एका कडेला फट पडलीय आणि शेजारचं गटार परवापासून तुंबलंय. टाकी आज उपसायची, घासायची आणि ब्लीचिंग पावडर टाकून भरायची. झाकणाचं काम मीच माझ्या खर्चाने आजच करून घेतो, मीटिंगची वाट बघत नाही. नळाचं पाणी पिऊ नका. कूपनलिकेचंही उकळल्याशिवाय नको.

ए-२०४ (७.४४): आमच्याकडे मोठा गॅस आहे. ज्यांच्याकडे लहान मुलं आहेत त्यांच्यासाठी खळखळ उकळून मोठी पातेली भरून ठेवते. कळशी घेऊन या.

सी-१०१ काकू (७.४६): मी मेडिकलला जातेच आहे. ओआरएसच्या पुड्या किती आणू?

सिस्टर मावशी (७.४७): १० आणा. मोठ्या. आणि झिंकचं विचारा. सहा महिन्यांवरच्या पोराला रोज २० मिलिग्रॅम, १४ दिवस.

अर्णवची आई (७.४९): शी थांबली तरी १४ दिवस?

सिस्टर मावशी (७.४९): हो गं बाय, थांबली तरी.