वॉचमेन ‘रडकं’ वाटलं म्हणणाऱ्याला उत्तर (लांबलंय, माफ करा)

गिरगावकर: काल इथे एकाने लिहिलं की वॉचमेन हे सुपरहिरोंचं इंग्रजी कॉमिक दोन दिवसांत संपवलं, मारामारी कमी, सगळी पात्रं रडकी, प्रकरणांच्या शेवटचा नुसता मजकूर सोडून दिला, उगाच डोक्यावर घेतलंय. वाचून डोकं फिरलं. अरे, तो मजकूर सोडलास तर हॉलिस मेसनची, त्यातल्या निवृत्त म्हाताऱ्या हिरोची, आत्मकथा कुठे वाचलीस? अ‍ॅलन मूरने लिहून आणि डेव्ह गिबन्सने काढून हे 1986-87 मध्ये सुटे 12 अंक म्हणून आलं, एका दमात गिळायची चीज नाहीये ती. पाचवं प्रकरण मधोमध उघड, तिथून दोन्हीकडे पानं आरशासारखी जुळत जातात. आणि नाक्यावरचा तो पेपरवाला, शेजारी बसून चाच्यांचं कॉमिक फुकट वाचणारा पोरगा, दोघांचं नाव बर्नार्डच. अकराव्याच्या शेवटी म्हातारा पोराला कवेत घेतो आणि दोघांची मिळून एकच सावली होते, मग नुसतं पांढरं. माझ्या काकांचा चर्नी रोड स्टेशनबाहेर पेपरचा ठेला होता, मी गठ्ठ्यावर बसून असाच फुकट वाचायचो. ते पान मला अजून सरळ बघवत नाही.

मुलुंड स्लो: तो ‘एकाने’ मीच. काकांचं वाचून वाईट वाटलं, पण म्हणून मला आवडलंच पाहिजे का? सकाळच्या गर्दीत एका हाताने कडी धरून मोबाईलवर वाचलंय, एकेक चौकट टॅप करत. रोर्शाक माथेफिरू, कॉमेडियन नीच, डॉक्टर मॅनहॅटनला माणसं मेली काय जगली काय सारखंच. जीव लावायचा कोणावर? त्यापेक्षा आपला कॉमिकमधला मुखवटेवाला वेताळ (फँटम) बरा होता.

गिरगावकर: मोबाईलवर! मग बोलणंच खुंटलं. पानावर नऊ चौकटींचा ठेका, पुस्तकभर तोच चालतो, आणि बाराव्याच्या सुरुवातीला लागोपाठ सहा पानं, पानभर एकेकच चित्र, रस्त्यात प्रेतंच प्रेतं. स्क्रीनवर चौकट आणि पान एकाच मापाचं दिसतं, तुला तो धक्का बसणार कसा?

ठाण्याची सायली: मधेच बोलते, वेताळ म्हणालात म्हणून. इंद्रजाल कॉमिक्स 1964 ला सुरू झालं ते पहिल्या अंकापासून वेताळच, आणि 1990 ला बंद पडलं तेव्हा मी सातवीत होते. मामाचे जुने मराठी अंक होते माझ्याकडे, पिना गंजून पानांना तांबडे डाग पडलेले. दहावीच्या सुट्टीत मी गावी गेले आणि आईने सगळे रद्दीत घातले, किलोवर. तिच्याशी आठवडाभर बोलले नव्हते, आजही आठवलं की पोटात तुटतं.

कुर्ला पूर्व: रद्दीचं दुःख समजलं, पण वेताळ म्हणजे काय ते एकदा बघा तरी. गोरा माणूस, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवणार, आणि जंगलातले काळे लोक पिढ्यानपिढ्या त्याला देव मानणार. त्याला हा हक्क दिला कोणी? वॉचमेनमध्ये भिंतीभिंतीवर हाच प्रश्न रंगवलाय, पहारेकऱ्यांवर पहारा कोणाचा.

ठाण्याची सायली: आठ वर्षांच्या मुलीने हे सगळं ओळखायला हवं होतं का? घरात एकच खोली, बाहेर नळावरची भांडणं, आणि मला वेताळाच्या त्या कवटीच्या गुहेत शिरायला मिळायचं. ते तुम्ही माझ्याकडून काढून घेऊ नका.

कुर्ला पूर्व: काढून घेत नाहीये हो. मीही वाचलेत, कवटीची अंगठी मीपण घालून फिरलोय. पण आज लेकाच्या हातात देताना हात थांबतो, एवढंच.

ठाण्याची सायली: हं. ते मान्य. मीसुद्धा भाचीला देताना शेजारी बसून वाचीन बहुतेक.

मुलुंड स्लो: मूळ विषय माझा होता, आठवण करून देतो. काल रात्री लॅपटॉपवर ती सहा पानं पूर्ण उघडून बघितली. ठीक आहे, तेवढ्यापुरतं गिरगावकर बरोबर, ट्रेनमध्ये ते हरवलंच होतं. पण रोर्शाकवर जीव नाही बसत तो नाहीच बसत.

गिरगावकर: नको बसू दे. त्याच्यावर बसूच नये. मेसनचा मजकूर तेवढा वाच, माझी छापील प्रत देतो. फक्त चहाचा कप वर ठेवू नकोस.

ठाण्याची सायली: कोणाकडे मराठी इंद्रजाल आहेत का? कव्हर फाटलेलं असलं तरी चालेल, ठाण्याहून येऊन घेऊन जाईन.