लग्न महिन्यावर आलंय, आता पहिलं पील करावं का?

कणकवलीची_ताई

कणकवलीत औषधांच्या दुकानात बसते. फार्मसी शिकले आहे, त्वचेची डॉक्टर नाही, हे आधीच सांगते. तुळशीचं लग्न झालं की, आणि पुन्हा चैत्र-वैशाखात, नवऱ्या मुली, त्यांच्या करवल्या आणि हल्ली नवरदेवसुद्धा दुकानात येतात. प्रश्न ठरलेले असतात. पुटकुळ्या अचानक का उठल्या? पील केलं तर लग्नापर्यंत चेहरा साफ होईल का? शेवटच्या आठवड्यात काय लावू?

माझं मत मांडते, ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहा. जिने आजवर एकदाही पील केलेलं नाही, तिने लग्नाआधीच्या सहा आठवड्यांत ते करू नये. कोकणातल्या एप्रिल-मे महिन्यांत तर अजिबात नाही.

पील म्हणजे ॲसिड लावून त्वचेचा वरचा थर मुद्दाम सोलायचा. हलकं पील असलं तरी तीन-चार दिवस ते आठवडाभर पापुद्रे निघत राहतात. खालची त्वचा कोवळी असते, आणि आपल्याकडे मे महिन्यात दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक अकराच्याही वर जातो. आपली गव्हाळ-सावळी त्वचा दुखावली की नुसती लाल होऊन थांबत नाही, ती काळवंडते. ते डाग जायला महिने लागतात. फोटोत एखादी पुटकुळी मेकअपखाली झाकता येते, काळवंडलेले दोन्ही गाल झाकणं कठीण.

आणि पुटकुळी खरं तर अचानक उठत नाहीच. आज गालावर जी दिसते, तिची सुरुवात काही आठवड्यांपूर्वी झालेली असते, जेव्हा आतल्या आत रंध्र तेलाने आणि मृत पेशींनी बुजतं. म्हणून मुरुमांच्या औषधांचा हिशेब आठ ते बारा आठवड्यांचा असतो. ॲडापलीन जेल सुरू केलं की पहिले दोन-चार आठवडे पुटकुळ्या उलट वाढू शकतात. साखरपुड्याला सुरू केलंत तर लग्नाला गुण दिसेल. लग्नाच्या तीन आठवडे आधी सुरू केलंत तर वाढ नेमकी मांडवात दिसेल.

एक गोष्ट कोणीच विचारत नाही. लग्नात पाळी येऊ नये म्हणून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या घेतल्या जातात. काही जणींना त्यांनीही चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात. गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि चेहरा बिघडला तर गोळी चालू असल्याचं सांगायला विसरू नका.

आता त्या क्रीमबद्दल. "मैत्रिणीने वापरली ती ट्यूब द्या, आठ दिवसांत उजळ होतं." त्यात बहुतेकदा स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं मिश्रण असतं. सुरुवातीला चेहरा खरंच नितळ दिसतो, म्हणूनच मुली फसतात. मग कातडी पातळ होते, बारीक शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, आणि थांबवायला गेलं की तोंड पेटल्यासारखं जळतं. 2018 साली सरकारने स्टिरॉइडची मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. मी देत नाही. गिऱ्हाईक रागावून दुसऱ्या दुकानात जातं, तरी देत नाही.

वेंगुर्ल्याची_सखी

ताई, क्रीमबद्दलचं शब्दन् शब्द मान्य. पीलबद्दलचं मान्य नाही. माझं पार्लर आहे, लॅक्टिक आणि मॅन्डेलिक ॲसिडची हलकी पील मी स्वतः करते.

सगळी पील एका माळेत ओवू नका. मॅन्डेलिकचा रेणू मोठा असतो, तो त्वचेत हळू शिरतो, म्हणून सावळ्या त्वचेला ग्लायकोलिकपेक्षा तो सोसतो. मी आधी विचारते: ॲडापलीन किंवा रेटिनॉल लावतेस का, मुरुमांच्या गोळ्या चालू आहेत का, ओठावर जर (पाण्याचे बारीक फोड) उठतो का, दिवस गेलेत का. जबड्याखाली छोट्या जागेवर लावून बघते. काही निघालं तर तिथेच थांबते. सगळं ठीक असेल तर दोन बैठका, आणि शेवटची लग्नाच्या किमान दोन आठवडे आधी.

तुम्ही "करू नका" म्हणालात म्हणून मुली गप्प बसणार आहेत का? त्या ऑनलाइन तीस टक्के ॲसिडची बाटली मागवतात आणि मोबाईलवर व्हिडिओ बघत घरी लावतात. त्यापेक्षा माझ्यासमोर, माझ्या घड्याळावर झालेलं बरं. आणि "डॉक्टरांकडे जा" म्हणणं सोपं आहे. आतल्या गावातून एसटीने कुडाळला जायचं, नंबर लावायचा, परत यायचं, दिवस मोडतो. आई-मुलगी दोघींची मजुरी बुडते.

मालवणची_आजी

गो बायांनो, ह्या माका पटणा नाय. आमच्या वेळाक हळद, बेसन आणि नारळाचो रस. वाडीत पील कोणाक म्हायत नव्हता, तरी व्हकला (नवऱ्या मुली) उजळच दिसत. खोबरेल लावा आणि सुखान निजा.

गुहागरकन्या

त्वचारोगात एमडी करते आहे, शेवटचं वर्ष. आजी, हळद-बेसनाशी माझं भांडण नाही. हळूच लावलं, घासलं नाही, तर बहुतेकींना चालतं. पण त्यात लिंबू पिळू नका. लिंबाचा रस लागलेल्या जागी ऊन पडलं की त्वचा भाजल्यासारखी होते आणि तपकिरी पट्टे उमटतात. खोबरेल केसांना लावा, टाचांना लावा. मुरुम येणाऱ्या चेहऱ्यावर नको, त्याने रंध्रं बुजतात. कपाळावर केसांच्या कडेने ज्यांना बारीक पुळ्या येतात त्यांनी रात्रीचं डोक्याचं तेल थांबवून बघा. टाचांच्या भेगांना भिरंडेल (कोकमाच्या बियांचं तेल) मात्र झकास.

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या दमट हवेत "पुटकुळ्या" म्हणून जे येतं ते सगळे मुरुम नसतात. कपाळ, छाती, पाठ यांवर एकसारख्या आकाराच्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या असतील तर पुष्कळदा तो केसांच्या मुळांतल्या यीस्टचा त्रास असतो. घाम, तेल आणि घट्ट कपडे त्याला पोसतात. त्यावर मुरुमांच्या अँटिबायोटिक गोळ्या घेतल्या तर तो वाढतो. खऱ्या मुरुमात काळे-पांढरे ठिपके (ब्लॅकहेड-व्हाइटहेड), लाल गाठी आणि पू असं मिश्र चित्र दिसतं. हनुवटी-जबड्यावर खोल गाठी, पाळी अनियमित आणि चेहऱ्यावर केस असतील तर पीसीओएसची (हॉर्मोन बिघडल्याने होणाऱ्या अंडाशयाच्या त्रासाची) तपासणी हवी, तिथे पील वरवरचं ठरेल.

वादात मी मधे उभी आहे असं नका समजू. मी ताईंच्या बाजूची आहे, पण कारण थोडं वेगळं. बाटलीवर टक्केवारी लिहिलेली असते, पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं ॲसिड जहाल) बहुतेकदा लिहिलेला नसतो. तेच तीस टक्के ग्लायकोलिक पीएच कमी असेल तर खूप खोल जातं. किती मिनिटं ठेवलं, आधी चेहरा किती घासला होता, आदल्या आठवड्यात ब्लीच झालं होतं का, या सगळ्यावर परिणाम ठरतो. ग्लायकोलिक वेळेवर निष्प्रभ करावं लागतं. सॅलिसिलिक तेलात मुरतं म्हणून मुरुमांना चांगलं, पण ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल किंवा गरोदरपण असेल तर नको. आणि टीसीए (ट्रायक्लोरोॲसिटिक ॲसिड, याहून खोल जाणारं) पार्लरमध्ये नकोच, कोणत्याही टक्केवारीचं.

वेंगुर्ल्याची_सखी

टीसीए मी हातही लावत नाही. पीएचचा मुद्दा बरोबर आहे, म्हणूनच लिहिलेला नसेल ती बाटली मी घेत नाही. पण डॉक्टर, तुम्ही हे सांगितल्यावर माझ्यासारख्यांना शिकवायचं की बंद करायचं? माझं म्हणणं शिकवा.

कणकवलीची_ताई

सखी, तुमची काळजी तुमच्या लिहिण्यातून दिसते. तरी एका ठिकाणी अडते. त्वचा चिडली तर काळा डाग त्याच दिवशी उमटत नाही, लाली ओसरली की पुढच्या दिवसा-आठवड्यांत गडद होत जातो. म्हणजे लग्नाला पाच आठवडे असताना पहिलं पील केलं आणि बिघडलं, तर कळेपर्यंत तीनच उरतात. तेवढ्यात डाग जात नाही. जबड्याखालची चाचणीही दोन दिवसांत सगळं सांगत नाही. ज्यांची तीन-चार पील आधी नीट झालीत त्यांना माझा नियम लागू नाही, मी "पहिलं" म्हटलं ते त्यासाठीच.

देवगडची_नवरी

माझं लग्न वैशाखात आहे. हे सगळं वाचून थोडा राग आला, तो लिहिते.

दहावीपासून मला मुरुम आहेत. "लग्न झालं की जातात" हे ऐकत मोठी झाले. जे लोक "आहेस तशी छान आहेस" म्हणतात तेच बघायला आलेल्या माणसांसमोर माझ्या गालांबद्दल बोललेत. तुम्ही सगळे "हे नको, ते नको" सांगता. मग माझ्यासारखीने करायचं काय? आंब्याच्या पेट्या भरायला बसते, त्यात परवा तोंडाच्या कडेला आंब्याचा चीक लागला, तिथे फोड येऊन काळं झालंय. पार्लरमध्ये एकीने सांगितलं, पीलने निघेल. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या लिहून दिल्यात, त्या अजून सुरू केलेल्या नाहीत.

गुहागरकन्या

राग बरोबर आहे. मुरुम हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि ते मागण्यात नट्टापट्टा काही नाही.

आधी चीक. त्यातल्या रसायनांनी त्वचा भाजते आणि काहींना ॲलर्जीही येते. काजूच्या टरफलातलं तेल याहून जहाल. लागलं की लगेच साबण-पाण्याने धुवायचं. तुझ्या फोडांवर पील, ब्लीच, स्क्रब, ॲडापलीन यातलं काहीही लावू नकोस. आधी बरं होऊ दे, साधं व्हॅसलीन आणि उन्हापासून आडोसा. काळेपणाचं नंतर बघता येतं. दुखत असेल, पाणी येत असेल तर दाखव. रत्नागिरीला आणि ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, आणि ई-संजीवनी या सरकारी सेवेवर घरबसल्या डॉक्टरांशी फुकट बोलता येतं.

गोळ्यांबद्दल हे नीट वाच. आयसोट्रेटिनॉइन मोठ्या, व्रण पाडणाऱ्या मुरुमांवर फार प्रभावी आहे. पण त्या काळात आणि बंद केल्यावर महिनाभर गर्भ राहता कामा नये, बाळात गंभीर व्यंग होतं. तुझं लग्न तोंडावर आहे, हे डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर आज सांग. गर्भनिरोधनाचं बोलणं होऊ दे, लाजू नकोस, होणाऱ्या नवऱ्यालाही सांग. पहिल्या महिन्यात मुरुम वाढू शकतात, ओठ फुटतात. म्हणून लग्नानंतर सुरू करायच्या का, हेही विचार. गोळ्या चालू असताना चेहऱ्याचं वॅक्सिंग नको, कातडी निघून येते.

वेंगुर्ल्याची_सखी

नवरीबाय, चिकाच्या फोडावर पील सांगणारीकडे परत जाऊ नकोस. तुला मीही पील करणार नाही. थ्रेडिंग आणि मेकअपची ट्रायल, तीही फोड भरून आल्यावर. पण ताई, याने माझं मूळ म्हणणं बदलत नाही. जिला नुसते काळे ठिपके आहेत आणि पाच आठवडे आहेत, तिला मी नाही म्हणणार नाही.

चिपळूणचा_दादा

पुरुषांचंही सांगा. दाढीच्या जागी पुळ्या, हळदीला चार दिवस. सलूनवाला म्हणतो ब्लीच आणि फेशियल करून टाकू.

कणकवलीची_ताई

दादा, चार दिवसांवर नवीन काहीही नको. ब्लीच नको, वाफ नको, स्क्रब नको. दाढी केसाच्या दिशेने करा किंवा ट्रिमर वापरा, अगदी मुळापासून गुळगुळीत करायला जाऊ नका. बेन्झॉईल पेरॉक्साईड आधीपासून लावत असाल तर अडीच टक्केच पुरतं, जास्त टक्क्यांनी गुण फार वाढत नाही, जळजळ मात्र वाढते. ते कपड्याचा रंग उडवतं. उशीचा अभ्रा जुना घ्या, आणि लग्नाच्या सकाळी शेरवानीच्या कॉलरला लागू देऊ नका. करवल्यांनो, तुम्हीही शालू सांभाळा.

सनस्क्रीन मात्र सगळ्यांनी. एसपीएफ 30 साधारण 97 टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, 50 साधारण 98, म्हणजे आकड्यापेक्षा किती लावता हे महत्त्वाचं. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर काढलेली पट्टी, आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. किनाऱ्यावर प्री-वेडिंग शूट असेल तर छत्रीवर भिस्त ठेवू नका, कोरडी वाळू 15 टक्के आणि समुद्राचा फेस 25 टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं वर फेकतो. मुरुमांसाठी डॉक्सीसायक्लिन चालू असेल तर उन्हाने त्वचा जास्तच भाजते.

आणि आदल्या दोन-तीन दिवसांत एखादी मोठी दुखरी गाठ उठलीच, तर फोडू नका. त्वचेचे डॉक्टर तिच्यात पातळ केलेल्या स्टिरॉइडचं बारीकसं इंजेक्शन देतात, बहुधा एक ते तीन दिवसांत बसते. क्वचित तिथे खळगा पडतो, तो धोका आधी विचारून घ्या. छोट्या पुळीवर पिंपल पॅच लावून झोपा. सकाळी तो काढा, चेहरा साध्या फेसवॉशने धुवा, आणि मगच मेकअपला बसा.