धाक, वचक, जरब, दरारा: पुढाऱ्याला कोणता शब्द लावावा?

रामबागकर
वक्तृत्व स्पर्धेचा विषय मराठीत मांडायचा आहे. हिंदी पत्रकात 'नेता के प्रति प्रेम हो या भय' असं छापलंय. 'भीती' लिहिली की भुताखेतांची वाटते, 'दहशत' लिहिली की गल्लीतल्या गुंडाची. मग धाक, वचक, जरब, दरारा यांतला कोणता घ्यावा?

आडाबाजार
अहो, आधी 'प्रेम'च तपासा. 'राजाचं प्रेम' म्हणजे राजानं केलेलं की राजावर केलेलं? 'भीती'चंही तेच. 'राजाची भीती गेली' या वाक्यात राजा निर्भय झाला की प्रजा, हे कळत नाही. 'राजाचा धाक गेला' म्हटलं की मात्र शंका उरत नाही: प्रजा सैल सुटली. धाक, वचक, जरब, दरारा, दहशत हे पाचही एकेरी रस्ते आहेत. षष्ठी (चा-ची-चे) ज्याला लागते, भय त्याच्यापासून असतं. म्हणून 'पुढाऱ्याला लोकांचा धाक उरला नाही' हेही शुद्ध मराठी वाक्य आहे. (स्पर्धेला खरं म्हणजे हाच विषय द्या.)

'नेता घाबरला जावा' असं मात्र कोणी लिहू नका. 'घाबरणे' अकर्मक आहे, त्याचा कर्मणी प्रयोग होतच नाही.

टांकसाळ
छटा ओळखायच्या तर क्रियापद लावून बघा. 'दाखवणे' मुख्यतः धाकाला आणि भीतीला चालतं: 'बदलीचा धाक दाखवला'. तिथे धाक म्हणजे सरळ धमकी. 'दरारा दाखवला' कोणी म्हणत नाही. दरारा दाखवावा लागत नाही, माणूस दारात आला की आवाज आपोआप खाली येतात. 'पसरणे' दहशतीला लागतं, वचकाला नाही, कारण दहशत गावभर असते आणि वचक नेमक्या लोकांवर, बहुधा चुकारांवर. 'वचकून असणे' हे क्रियापदही याच शब्दाला आहे, बाकी चौघांना नाही.

जरब ही अरबी 'ज़र्ब'. मूळ अर्थ घाव, ठोका. इंदूरच्या मल्हारनगर टांकसाळीच्या होळकरी रुपयांवर शाह आलमच्या नावासोबत हाच शब्द फारसीत येतो: अमुक ठिकाणी पाडलेलं नाणं. मराठीत घाव मागे पडला आणि घावाची आठवण उरली. म्हणून जरब आवाजात असते, नजरेत असते. एकदा ठोका बसलेला असला की पुन्हा हात उचलावा लागत नाही.

सुदामानगर
'धाक' घेताना इंदुरात जपून. हिंदीत धाक स्त्रीलिंगी, अर्थ वजन, पत: 'बाज़ार में उनकी धाक है'. हे कौतुक झालं. मराठीत तो पुल्लिंगी आणि वडीलधाऱ्यांचा. आपल्याकडे दोन्ही मिसळून 'त्यांची इथे मोठी धाक आहे' असं सर्रास ऐकू येतं. अर्धे श्रोते स्तुती समजतील, अर्धे तक्रार.

मी 'वचक' सुचवेन. हिंदीत तो शब्दच नाही, त्यामुळे घोटाळा नाही. आणि रोजच्या वापरातला आहे: रस्त्यावर पुडी टाकायला हात धजत नाही तो चालानाचा वचक.

आडाबाजार
ताई, स्वच्छ सर्वेक्षणात 2017 ते 2023 इंदूर सतत पहिलं आलं. आता तो वचक की सवय? दंड करणारा समोर नसतानाही हात आवरत असेल तर वचकाचं काम संपलं. तिथे 'शिस्त' म्हणा.

टांकसाळ
मूळ प्रश्न इटालियन राजनीतिज्ञ मॅकियाव्हेलीचा, 'द प्रिन्स' या पुस्तकातला, 1513 सालचा. तो दोन नाही, तीन गोष्टी मोजतो: प्रेम, भय आणि द्वेष. प्रेम आणि भय दोन्ही एकत्र साधत नसतील तर भय जास्त भरवशाचं, पण द्वेष ओढवून घेऊ नये. त्यासाठी प्रजेच्या मालमत्तेला आणि बायकांना हात लावू नये. मराठीनं ही वाटणी शब्दांतच करून ठेवली आहे. द्वेषाशिवायचं भय ते धाक-वचक, द्वेषासकट ती दहशत. नुसतं 'भय' लिहिलंत तर स्पर्धक दहशतीवर बोलून सहज जिंकतील आणि वादाला काही उरणार नाही.

खडा मसाला
अहिल्याबाईंना (कारकीर्द 1767 ते 1795) यातला कोणता शब्द लावाल? डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत, तेव्हा आधी समजूत, मग कडक शिक्षा, आणि त्यानंतर 'भिलकवडी': घाटातून जाणाऱ्या मालावर किरकोळ कर घेण्याचा हक्क त्यांनाच, बदल्यात वाटेची राखण आणि चोरीच्या मालाचा शोध त्यांच्याकडे. शिक्षेपर्यंत जरब, हक्क दिल्यावर वचक. दहशत कुठेच नाही. 'दरारा'ही लागेल, पण त्यात जरा दूरपणा आहे, तो मातोश्रींना शोभत नाही असं माझं मत.

रामबागकर
मग असं करतो: 'पुढाऱ्यावर लोकांचा लोभ असावा की लोकांवर पुढाऱ्याचा वचक?' दोन्ही षष्ठ्या उघड, रस्ते स्पष्ट.

सुदामानगर
वचक पक्का. 'लोभ' मात्र काढा दादा, 'जिव्हाळा' घाला. परीक्षकांत एक हिंदीभाषक असणारच. लग्नपत्रिकेखालचं 'लोभ असावा' वाचून इथले हिंदी शेजारी अजून दचकतात, त्यांना आहेराची मागणी वाटते.