तांत, वादी की कंडरा?

प्रश्न : लाकडी दांड्याला दगडी टोक किंवा पाते बसवताना जनावराच्या पायातले अथवा पाठीतले चिवट धागे गुंडाळण्याची पद्धत जगात अनेक ठिकाणी होती. त्या धाग्यांना मराठीत काय म्हणावे? सोलापुरात आमच्या चर्चेत कोणी ‘तांत’ सुचवले, कोणी ‘वादी’.

उत्तर : शब्द दोन्ही अस्सल आहेत, पण या धाग्यांना त्यांतला एकही लागू पडत नाही. तांत शेळ्यामेंढ्यांच्या आतड्याची असते. पिंजाऱ्याच्या धनुकलीला जी ताणून बसवत आणि जिच्यावर लाकडी दस्ता मारून कापूस पिंजत, ती तांत. वादी कातड्याची, मग ती वहाणेची असो वा ढोलकीची. आल्प्समध्ये 1991 साली बर्फात सापडलेल्या सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाजवळ जी कुऱ्हाड होती, तिचे तांब्याचे पाते लाकडी दांड्यात डांबरासारख्या चिकट द्रव्याने बसवून वर कातड्याच्या पट्टीने आवळलेले होते. तिथे ‘वादी’ निःशंकपणे लिहावे.

मूळ प्रश्नातला धागा मात्र स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या भागातून निघतो, आणि त्याला शरीरशास्त्रात ‘कंडरा’ हा शब्द रुळलेला आहे. संस्कृतात ‘स्नायु’ याच अर्थाने येतो, परंतु आजचा वाचक स्नायू म्हटल्यावर मांसलच भाग समजेल, आणि ‘शीर’ म्हटल्यावर रक्तवाहिनी. म्हणून ‘कंडरेचा दोरा’ असे लिहावे, हे माझे मत.

कंडरा वाळवून ठेचली की तिचे तंतू सुटे होतात. ते पाण्याने किंवा थुंकीने भिजवून ओलेच गुंडाळले, म्हणजे त्यांतल्या कोलॅजन या प्रथिनामुळे एकमेकांना चिकटतात आणि वाळताना आक्रसून पाते घट्ट धरतात, गाठीची फारशी गरजच पडत नाही. त्यामुळे इथे ‘बांधणे’पेक्षा ‘वेढे देऊन आवळणे’ नेमके ठरेल. कच्च्या कातड्याची वादीही अशीच आक्रसते, कमावलेल्या चामड्याची तितकी नाही. ओल लागली की दोन्ही सैल पडतात, म्हणून वरून राळ किंवा तत्सम लेप देत. लोकरीची दोरी या कामाला कुचकामी, कारण ती ताणली जाते. धनगरांची लोकर घोंगडीलाच शोभते.

आपल्याकडच्या यंत्रमागांवर आडवा धागा वाहून नेणाऱ्या धोट्याला फेकणारा ‘पिकर’ नावाचा भागही पूर्वी म्हशीच्या कातड्याचा असे आणि लाकडी काठीशी चामड्याच्या पट्ट्याने जोडलेला असे. त्या पट्ट्याला वादी म्हणायला हरकत नाही. तांत म्हणणे मात्र चूक.