नवऱ्यानंतरचे दागिने : काय उतरवलं, काय ठेवलं?

मे 2022 मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हाच कित्ता गिरवायला सांगितलं. ठरावावर पुष्कळ बोलून झालं. ज्यांच्या अंगावरचा दागिना होता त्यांचं ऐकायचंय. स्वतःचं लिहा, आईचं, आजीचं लिहा. पुरुषांनीही लिहा. ठेवलं ते बरोबर आणि काढलं ते चूक, असं इथे कोणी ठरवणार नाही.

इचलकरंजीहून

मिस्टर गेले तेव्हा मी छत्तिशीत होते. मला काही कळायच्या आत चुलत सासूबाईंनी माझ्या बांगड्या दगडावर वाढवल्या. मनगटात काच गेली. जोडवी मात्र निघेनात. बाळंतपणानंतर बोटं जाड झाली होती, शेवटी साबण लावून काढली. ती जोडवी चांदीकामाच्या हुपरीची. बस्ता बांधायला गेलो तेव्हा माझ्या वडिलांनी वाट वाकडी करून घेतलेली. त्या क्षणी मी नवऱ्यासाठी नाही, वडिलांच्या आठवणीने रडले. आजवर कोणाला सांगितलं नव्हतं.

बोटांवरचे पांढरे वळ बरेच दिवस होते, चप्पल घालताना दिसायचे. मुलगी नोकरीला लागल्यावर तिने नवी जोडवी आणली. ती काही घालवत नाहीत. जुनी पेटीत आहेत, दिवाळीला रिठ्याच्या पाण्यात घासून ठेवते. माझ्या वडिलांची वस्तू ती. नवऱ्याच्या जाण्याने तिचं काय बिघडलं?

डोंबिवलीहून

माझं उलट. घरात सगळे म्हणाले मंगळसूत्र ठेव, मुलगा तर हट्टालाच पेटला. मीच काढलं. शेवटची वर्षं दवाखान्याच्या फेऱ्यांत गेली होती. ते गेले आणि वाट्या गळ्याला टोचायला लागल्या. आंघोळ करून, एकटीने, कोणी नसताना काढलं आणि डब्यात ठेवलं. कुंकू लावते, बांगड्या भरते, भाचीच्या लग्नात नथ घातली. मंगळसूत्र आमच्या दोघांचं होतं, बाकीचं माझं एकटीचं. मला जुन्या वळणाची म्हणणाऱ्यांना हे समजून घ्यायचं असेल तर घ्यावं.

नाशिकहून

बायको गेली. मला कोणीही काहीही उतरवायला सांगितलं नाही. साखरपुड्याची अंगठी आजही बोटात आहे, तिच्याकडे कोणी बोट दाखवलेलं नाही. बहिणीच्या वेळी मात्र मी त्याच अंगणात उभा होतो आणि सगळं पाहत होतो.

पेढीवर बसणारा एक सराफ

मंगळसूत्र मोडीत घालायला बहुतेक वेळा मुलगा किंवा दीर पुढे येतो, बाई मागे बसते. वडिलांची शिकवण अशी की ज्याच्या गळ्यातला दागिना, पहिला प्रश्न त्याला. म्हणून विचारतो, "वहिनी, वाट्या आटवायच्या की ठेवायच्या?" पुष्कळजणी एक वाटी ठेवतात. माहेरची. एक आजी आल्या होत्या, त्यांनी दोन्ही वाट्यांच्या सोन्यात नातीसाठी कुड्या करून घेतल्या. काळे मणी मी ठेवून घेत नाही, पुडीत बांधून परत देतो.

एक सांगतो, उपयोगी पडेल. वाट्या पोकळ असतील तर आत लाख असते. ती काढल्यावर सोनं कमी भरतं. तेव्हा लाख तुमच्यासमोर काढायला लावा, काट्यावरचा आकडा स्वतः पाहा, पावतीवर निव्वळ वजन लिहून घ्या. घरात मयत झालेली असताना कोणी हिशेब मागत नाही, आणि नेमकं तिथेच नुकसान होतं.

बुलढाण्याहून

"आता तुला काय करायचेत?" म्हणून सासरी माझे दागिने कपाटात गेले. वकीलबाईंनी सांगितलं, स्त्रीधन ही बाईची स्वतःची मालमत्ता, सर्वोच्च न्यायालयाने 1985 साली प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलंय. नोटीस गेल्यावर एकदाणी परत आली, पाटल्या नाहीत. एकदाणी रोज घालते, शेतातही.

साताऱ्याहून

आजी विशीतच विधवा झाली. सोन्याचं म्हणाल तर अंगावर काही उरलं नाही, पाटल्या विहिरीच्या कामात गेल्या. मग ती वारीला जायला लागली आणि गळ्यात तुळशीची माळ आली. ती मात्र काढ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. दोरा कुजला की नव्याने ओवायची. कोणी नवीन लुगडं घेतलं तरी आधी हात माळेकडे जायचा, नीट दिसतेय ना म्हणून.

शिरोळ तालुक्यातून

आमच्या गावातही ठराव झालाय. तरी मध्यंतरी शेजारणीचा नवरा गेला तेव्हा बायका सवयीने पुढे सरसावल्याच. तिच्या धाकट्या जावेने वाट अडवली. म्हणाली, "आधी आक्काला विचारा." विचारायला लागल्यावर सगळ्या गप्प. आक्काने मंगळसूत्र स्वतः काढून सासूच्या हातात दिलं, जोडवी ठेवली. हिरव्या बांगड्यांचं उद्या बघू म्हणाली.